अठरा पूर्ण

६ फेब्रुवारी

वर काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू पुढचं न वाचता पत्र फाडशील, आणि नावाने हाक मारायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वीच घालवलाय. म्हणून तशीच सुरुवात करतो. फोन करणार होतो, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तिने आधी मला चांगलं फैलावर घेतलं, मगच दिला.

काम खारूचं आहे. पुढच्या महिन्यात सत्तावीसला आपल्या पोरीला अठरा पूर्ण होतात. मुलांच्या मानसोपचार विभागात अठरापर्यंतच ठेवतात. त्या दिवशी फाईल बंद. मग मोठ्यांचा विभाग, नवी इमारत, नवे डॉक्टर, सगळं पहिल्यापासून.

तू गेलीस तेव्हापासून ती दर आठवड्याला त्याच एका खोलीत, त्याच समुपदेशक ताईंकडे जाते. तू त्यांना एकदाच पाहिलंयस. उंच, चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. पहिले आठ महिने खारू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, नुसती पेन्सिलींना टोकं करत बसायची. ताई म्हणायच्या, "करू दे, मला फुकटात टोकं मिळतायत." नवव्या महिन्यात बोलायला लागली. आता माझ्याशी बोलते त्याहून त्यांच्याशी जास्त बोलते.

तर मोठ्यांच्या विभागाला दहा पानांचा फॉर्म भरून हवाय. कितव्या महिन्यात चालली, तापात कधी आकडी आली होती का, दूध कधी तोडलं. मला यातलं काही म्हणता काही आठवेना. ताई म्हणाल्या, "आईला विचारा." मी म्हटलं, "बघतो." पंधरा दिवस बघतच होतो.

शेवटचा प्रश्न असा आहे की आजोळी कुणाला मनाचा आजार होता का. तुझ्या भावाचं लिहू का? तू सांगशील तसं करतो. त्या विषयावर मी तेव्हा जे बोललो, ते आता उकरून काढत नाही.

पोरगी बरी आहे. गेल्या दोन वर्षांत एकदाही भरती करावी लागलेली नाही. उंचीने माझ्या कानापर्यंत आलीय. मी अजून लिफ्टचंच काम करतो. आता खारू जाते त्या हॉस्पिटलच्या सगळ्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे आहे.

फॉर्मची पानं सोबत जोडतोय.

खारूचा बाबा

२९ मार्च

पानं मिळाली. वेगळी चिठ्ठी नव्हती, अपेक्षाही नव्हती. पण सगळे रकाने भरलेस. अकराव्या महिन्यात चालली, आकडी दोनदा. भावाचं तू नीट, सरळ लिहिलंस, कुठल्या वर्षी काय झालं त्यासकट. मी ते पान दोनदा वाचलं. ताई म्हणाल्या, "फार उपयोग होईल याचा."

परवा तिचा तिथला शेवटचा दिवस होता. तुला कळायला हवं म्हणून सांगतो.

खरं तर त्या दिवशी मोठ्यांच्या विभागातलं कुणीतरी येऊन बसणार होतं. दोघांनी मिळून तिला इकडून तिकडे सोपवायचं, अशी पद्धत. ताईंनी महिनाभर आधी वेळ ठरवली होती. चार खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही वीस मिनिटं वाट बघितली. मग ताईंनी फोन लावला. तिकडून सांगितलं, आज माणूस नाही, तुम्ही कागद पाठवून द्या, आम्ही तारीख कळवतो. ताईंचा चेहरा पडला. चौथी खुर्ची उचलून त्यांनी भिंतीला लावली.

खारूने विचारलं, "तारीख कधी मिळेल?"

"आठ-दहा आठवडे लागतात सध्या."

"आणि तोपर्यंत मी कुणाची?"

ताईंनी एका कागदावर नंबर लिहून तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी गोळ्या दोन महिन्यांच्या दिल्यात. काही वाटलं तर हा नंबर, चोवीस तास चालू असतो. आणि बाबा आहेत."

"म्हणजे तुमची नाही."

"मला परवानगी नाही गं. मला हवं असतं तर..." एवढं बोलून त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. तो डोक्यावरच होता. एरवी खारू हसली असती.

निघताना तिच्या चित्रांचा गठ्ठा दिला, सहा वर्षांचा. तिने घेतला आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी काढायला गेलो तर म्हणाली, "राहू दे बाबा. लहान मुलांची चित्रं आहेत ती."

मी काढली नाहीत. काढायला हवी होती का? तू असतीस तर काढली असतीस.

१७ जून

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहितोय, कारण सांगण्यासारखं चांगलं आहे. एरवी तुला माझ्याकडून वाईटच ऐकायला मिळालंय.

खारू कामाला लागली! फोटोंना चौकटी बसवायचं दुकान आहे, बाजाराच्या मागच्या रस्त्याला. मालकीणबाई कडक आहेत पण तोंडाने, हाताने नाही. पोरीला काच कापायला अजून देत नाहीत, पुठ्ठा कापायला देतात. पुठ्ठ्याची आतली कड तिरकी कापावी लागते, ती तिला एका झटक्यात जमते. मालकीणबाई मला म्हणाल्या, "हिचा हात हलत नाही हो अजिबात." मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होतो. याच हाताला किती वर्षं मी घाबरून होतो.

मोठ्यांच्या विभागाची तारीख अजून आलेली नाही. त्यांचं असंच असतं म्हणे. ताईंचा मध्ये फोन आला होता, मी सांगितलं सगळं मार्गी लागलंय. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.

गोळ्या मेअखेर संपल्या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक महिन्याच्या लिहून दिल्या, पण पुढच्या देणार नाही म्हणाले, तज्ज्ञांचा कागद लागेल. बघू. मला विचारशील तर तिला आता त्यांची तेवढी गरजही राहिलेली नाही. वेळेवर उठते, डबा घेते, जाते. माणसाला काम मिळालं की निम्मं दुखणं पळतं.

आणि खरं सांगू, त्या इमारतीत तिने पाऊल न टाकलेलंच बरं. मी तिथल्या लिफ्टची देखभाल करतो, महिन्यातून दोनदा जातो. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं की समोर जाळीचा दरवाजा आणि त्याच्यामागे माणसं उभी. नुसती उभी. एक बाई मला दर वेळी विचारतात, "ही खाली जाते का?" मी म्हणतो, "जाते." त्या म्हणतात, "मला नेत नाही." आपल्या पोरीला तिथं बाकावर बसलेली मी बघू शकणार नाही.

ती रोज घरी आली की विचारते, "फोन आला होता का रे तिकडून?" विभागाकडे माझाच नंबर आहे ना, आधीपासूनचा. आताशा जरा कमी झोपते. दिवस मोठे झालेत, म्हणून असेल.

२ ऑगस्ट

हे पत्र मावशीच्या मुलाबरोबर हातोहात पाठवतोय. तू माझा फोन उचलत नाहीस, सात वेळा लावला.

खारू जिवंत आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

परवा गुरुवारी दुपारी चौकटीच्या दुकानातून फोन आला की ती जेवायच्या सुट्टीनंतर परत आलीच नाही. मी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर होतो. हत्यारं तिथंच टाकून घरी पळालो. तिने काय केलं ते लिहीत नाही. दार तोडावं लागलं. शेजारच्या मास्तरांनी मदत केली. गाडी सात मिनिटांत आली. पहिला दिवस तळमजल्यावर ठेवलं, काल सकाळी तिसऱ्या मजल्यावर नेलं.

मी मागोमाग वर गेलो. जाळीच्या दरवाजाशेजारी खिडकी आहे, तिथं एक तरुण मुलगा बसतो. मी नाव सांगितलं. त्याने यादी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही कोण?"

"वडील."

"तुमचं नाव नाहीये इथं."

"नसेल. मी वडील आहे. मी आणलंय तिला."

"काका, त्यांना अठरा पूर्ण आहेत. कुणाला भेटायचं, कुणाला काय सांगायचं, ते त्याच ठरवतात. त्यांनी एकच नाव दिलंय."

"कुणाचं?"

त्याने सांगायला नको होतं, पण माझी अवस्था बघून सांगितलं. "आईचं."

तुझा नंबर तिने तोंडपाठ दिला म्हणे. तिच्याकडे तुझा नंबर आहे हे मला माहीत नव्हतं. कधीपासून आहे? म्हणजे मी घरात नसताना तुम्ही बोलत होता. असू दे. मी कोण विचारणारा.

मुद्दा एवढाच की ती कशी आहे, काय खाते, डॉक्टर काय म्हणतात, हे ते फक्त तुलाच सांगणार. हॉस्पिटलचा फोन अनोळखी नंबरवरून येईल. तू असे फोन घेत नाहीस, मला माहीत आहे. तो घे. आणि ये. माझ्यासाठी नाही.

असं एकाएकी का झालं, देव जाणे. सगळं सुरळीत चाललं होतं. त्या विभागाने वेळेवर तारीख दिली असती तर ही वेळ आली नसती, असं मी तिथं सगळ्यांसमोर मोठ्याने बोललो. तो पोरगा मान खाली घालून ऐकत होता.

११ ऑगस्ट

तू येऊन आठ दिवस झाले. या गावात आहेस, मावशीकडे राहतेस, रोज तिसऱ्या मजल्यावर जातेस, आणि मी तुला पत्रच लिहितोय. काल मावशीच्या हाती तुझी चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांत तू मला लिहिलेलं पहिलं वाक्य. "तारीख आली होती का?"

हो. आली होती.

चार जूनला, माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी. मी घरीच होतो. मोठ्यांच्या विभागातून एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "एकवीस तारीख, सव्वाअकरा. येणार ना?" मी आदल्याच दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावर दाराचा सेन्सर बदलून आलो होतो. आत कुणीतरी एकसारखं दार वाजवत होतं, तासभर. मला तेवढंच आठवत होतं. मी म्हटलं, "आता गरज नाही. ती बरी आहे. कामाला जाते."

त्या म्हणाल्या, "पेशंटशी बोलता येईल का? अठरा पूर्ण आहेत, नको असेल तर त्यांनीच सांगायला हवं."

मी म्हटलं, "ती घरी नाही."

त्या म्हणाल्या, "बरं. मग नाव काढते. परत हवं असेल तर नव्याने डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागेल." त्यांच्यामागे आणखी चार फोन वाजत होते. त्यांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं तरी होतं.

त्यानंतर खारू रोज विचारायची आणि मी रोज नाही म्हणायचो. मला वाटायचं, आणखी थोडे दिवस गेले की विचारायची थांबेल. थांबली. मी समजलो, विसरली.

ती विसरली नव्हती, हे मला काल मावशीकडून कळलं, आणि मावशीला तुझ्याकडून. मंगळवारी, म्हणजे त्या गुरुवारच्या दोन दिवस आधी, जेवायच्या सुट्टीत ती स्वतः त्या खिडकीवर गेली होती. गोळ्या संपून महिना झाला होता, झोप येत नव्हती, म्हणून एकटी गेली. माझी खारू, जी अनोळखी माणसाला वेळ विचारायला घाबरते. तिथं तिला सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही, घरच्यांनी जूनमध्येच काढायला सांगितलं, तुम्ही बऱ्या आहात म्हणून.

त्या संध्याकाळी ती घरी आली. मी विचारलं, "उशीर झाला?" म्हणाली, "थोडासा." जेवली. वाळलेले कपडे घडी करून माझे माझ्या कपाटात ठेवले. मला वाटलं, चला, आज शांत आहे.

आता तेही बोलतो जे पहिल्या पत्रात टाळलं. ती बारा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा भरती केलं, त्या दिवशी व्हरांड्यात, तुझ्या आईसमोर, मी तुला म्हणालो होतो, "हे तुमच्याच रक्तातलं आहे. तुझ्या भावाने केलं तेच हिने केलं." तू आठ दिवसांत गेलीस. पोरीला नेऊ दिलं नाही मी, उपचार इथं आहेत म्हणून सांगितलं. ते खरंही होतं, म्हणून तर तू ऐकलंस. लोकांना मी सांगत आलो की आई टाकून गेली. तिलाही तेच सांगितलं असेन, सरळ नाही, पण सांगितलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. माफी मागायला माझा नंबर फार मागे आहे.

ताईंना मी खोटं सांगितलं होतं, त्यांनाही परवा जाऊन खरं सांगितलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मी त्यांच्याकडे विचारून खात्री करायला हवी होती. तुमचं ऐकून मला हायसं वाटलं. माझ्याकडे सत्तावीस मुलं आहेत." मग म्हणाल्या, "तुम्ही जा आता." मी गेलो.

१९ सप्टेंबर

तुम्ही दोघी तुझ्या घरी पोचलात, हे मावशीकडून कळलं. तिचे उरलेले कपडे आणि पुठ्ठा कापायची पट्टी पार्सलने पाठवलीय. पट्टी मालकीणबाईंनी दिली. म्हणाल्या, "परत आली तर जागा आहे, नाही आली तर पट्टी आहे." कापायचं पातं मी काढून घेतलंय. ते ठेवायचं की नाही हे तिने आणि तुझ्या तिकडच्या डॉक्टरांनी ठरवू दे.

तुला काही गोष्टी माहीत नसतील, कारण तू गेलीस तेव्हा ती लहान होती. 'ठीक' ती दोन तऱ्हांनी म्हणते. पटकन म्हणाली तर खरंच ठीक. थोडं थांबून म्हणाली, तर नाही. फार आवराआवर करायला लागली, घड्या घालायला लागली, की जवळ बस. काय झालं विचारू नकोस, नुसती बस. केस स्वतः कापले तर घाबरू नकोस, ते ती आवडीने करते. वहीला हात लावू नकोस. मी लावला नाही कधी, तेवढं एक बरं केलं. डाव्या हाताच्या दोन बोटांत तिला अजून नीट ताकद नाही. बरण्यांची झाकणं आधी सैल करून ठेव, पण तिच्यासमोर नको.

तू गाडीत सामान ठेवत होतीस तेव्हा ती माझ्याशी बोलली. तू पाहिलंस, पण ऐकलं नसशील. दीड महिन्यात पहिल्यांदाच. मला वाटलं होतं ओरडेल. मी तयारी करून आलो होतो ओरडून घ्यायची.

ती म्हणाली, "बाबा, त्यांचा फोन आला तेव्हा मी कुठे होते?"

तुला मी लिहिलं होतं, 'ती घरी नाही' असं मी त्या बाईंना सांगितलं. पण ती खरंच घरी नव्हती का, ते मी तुलाही लिहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "न्हाणीघरात. केस धूत होतीस."

तिने बोटांवर हिशोब जुळवला. मग म्हणाली, "म्हणजे दहा मिनिटांत बाहेर आलेच असते."

"हो."

"मी 'येते' म्हणाले असते."

"माहीत आहे."

"घाबरले असते. पण म्हणाले असते." एवढं बोलून ती गाडीत बसली. काच अर्धी खाली होती. मी काचेच्या कडेवर हात ठेवला, तिने काच वर केली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. तू गाडी सुरू केलीस तेव्हा मी हात काढला.

त्या इमारतीचं काम मी सोडलेलं नाही. साहेबांनी विचारलं होतं, दुसरीकडे पाठवू का. नको म्हटलं. परवा तिसऱ्या मजल्यावर दार अडकलं होतं, ते केलं. ती 'मला नेत नाही' म्हणणारी बाई अजून तिथेच आहे. खारूला तिने तिथं पहिल्या रात्री स्वतःची उशी दिली होती म्हणे, खिडकीवरच्या मुलाने सांगितलं. मी तिला ओळख दिली नाही. माझ्याने झालं नाही.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. तिने विचारलं तर मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो. नाही विचारलं तर आपण होऊन सांगू नकोस. तिच्याबद्दल मला काही कळवायचं झालं तर आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर कळवू नकोस, मग काहीही असो.

तुझ्या तिकडच्या विभागाने तिला तारीख दिलीय. चिठ्ठी तिच्याकडे आहे, तिच्या नावाची. कधीची आहे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.